‘डॉक्टर हू’ची वाट पाहणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

३१ मे २०२५ ला ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा हंगाम संपला, तो चाहत्यांना एक कोडं घालून. डॉक्टरची भूमिका करणारा शुटी गाटवा लखलखत्या उजेडात दिसेनासा झाला आणि त्याच जागी बिली पायपर उभी राहिली. ती ‘ओह, हॅलो’ एवढंच म्हणाली आणि नामावली सुरू झाली. नवा डॉक्टर आला की या नामावलीत ‘डॉक्टरच्या भूमिकेत अमुक’ असं येतं. या वेळी बिली पायपरचं नाव आलं, भूमिकेचं आलंच नाही. त्यात ही नटी मालिकेला नवी नाही. २००५ मध्ये रोझ टायलर ही डॉक्टरची सोबतीण तिनेच रंगवली होती. मग आता समोर उभी आहे ती डॉक्टर, रोझ, की तिसरंच कुणी?

त्याच वर्षी ऑक्टोबरात बीबीसीने जाहीर केलं की मालिका परतेल ती २०२६ च्या नाताळात, एका विशेष भागाने, आणि तो रसेल टी. डेव्हिस लिहिणार. निर्मितीत भागीदार असलेली डिस्ने पुढे सोबत नसेल, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे एका चेहऱ्याचं कोडं दीड वर्षाहून जास्त काळ टांगणीला.

आपल्या सीमाभागात, बेळगावच्या टिळकवाडी-शहापूरपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत, या मालिकेवर जीव टाकणारी मुलं-मुली आहेत. थोडी आहेत, पण पक्की आहेत. त्यांच्या घरात हमखास विचारलं जातं, टीव्हीच्या एका भागासाठी एवढी काय वाट बघायची? या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही मालिका आज जिवंत आहे ती वाट बघणाऱ्यांच्या जोरावर. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, तिचा इतिहासच तसा आहे.

आधी मूळ गोष्ट. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. गॅलिफ्रे हा त्याचा ग्रह, तिथले लोक स्वतःला टाइम लॉर्ड म्हणवतात. त्याचं यान म्हणजे टार्डिस, बाहेरून निळी पेटी आणि आत शिरलं की दालनांमागून दालनं. पोलिसांना फोन करण्यासाठी अशा पेट्या त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर उभ्या असत. यान जिथे उतरेल तिथल्या वस्तूचं रूप घेणार अशी सोय होती. ती बिघडली आणि पेटीचं रूप कायमचं चिकटलं. या पेटीत बसून तो काळात मागे-पुढे फिरतो, सोबत पृथ्वीवरचं एखादं माणूस घेतो, आणि संकटात हत्याराऐवजी डोकं चालवतो.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती. जगाचं लक्ष तिकडे, त्यात ब्रिटनच्या काही भागांत लाईट गेलेली. म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला गेला. निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट, बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा निर्मातेपदावर असलेली एकमेव बाई, तीही तिशीच्या आतली. दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, १९३८ चा. म्हणजे ज्या मालिकेला आपण पक्की इंग्रजी समजतो तिचा पहिला भाग बसवला तो पंचविशीही न गाठलेल्या एका लखनवी माणसाने. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते याचं मला वाईट वाटतं.

शीर्षकसंगीताबद्दलही थोडं सांगायलाच हवं. चाल रॉन ग्रेनरची, पण ती कानावर पडते तशी घडवली डेलिया डर्बीशायरने, बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेत. पट्टी दाबली की हवा तो सूर निघावा असे सिंथेसायझर तेव्हा हाताशी नव्हते. तिने ताणलेली तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला. विद्युत उपकरणं तपासायला जे ऑसिलेटर वापरतात त्यांचे सूर घेतले. टेप कमी-जास्त वेगाने फिरवून एकेक सूर खाली-वर केला. मग त्या सुराची लांबी टेपवर मोजायची, तेवढाच तुकडा कापायचा आणि आधीच्या तुकड्याला चिकटवायचा. सगळी धून अशी तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली आहे. पुढचा विशेष भाग लागेल तेव्हा ती सुरावट डोळे मिटून एकदा ऐका.

आता नवख्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट: डॉक्टरचा चेहरा बदलतो कसा? खानापूरची माझी भाची पहिल्यांदा ते दृश्य बघताना वैतागून म्हणाली, ‘मामा, मेला की जगला, ते सांग की आधी.’

उत्तर असं, की शरीर जातं, आठवणी राहतात. पण स्वभाव, बोलणं, आवडीनिवडी पालटतात. आधीचा डॉक्टर जे जगला ते सगळं नव्याला आठवतं, तरी तो अगदी तसाच वागत नाही. म्हणून निरोपाचं दुःखही खरं आणि नव्याची उत्सुकताही खरी. कल्पना सुचली ती अडचणीतून. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल १९६६ पर्यंत तब्येतीने थकला होता. त्याला काम झेपेना. मालिका बंद करायची, की दुसरा नट आणून काही झालंच नाही असं दाखवायचं? त्यांनी तिसरी वाट काढली. डॉक्टर परग्रहवासी आहे, त्याचं शरीर आपल्या नियमांनी बांधलेलं नाही, तेव्हा बदल कथेतच घडवू. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात हार्टनेल टार्डिसच्या जमिनीवर कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्रॉटनचा चेहरा उमटला. ‘रीजनरेशन’ हे नाव या प्रकाराला पुढे १९७४ मध्ये मिळालं. १९७६ मध्ये लेखकांनी मर्यादा घातली, असे बदल बाराच होतील. त्या वेळी बारा म्हणजे खूप लांबचा आकडा वाटला असणार. पण मालिका इतकी टिकली की तो आकडा संपत आला, आणि २०१३ च्या नाताळच्या भागात डॉक्टरला बदलांचं नवं दान मिळालं, तेव्हा कुठे कथा पुढे सरकली.

म्हणून मे २०२५ चं दृश्य चाहत्यांना इतकं छळतं. चेहरा बदलणं ओळखीचं आहे. जुन्या सोबतिणीचा चेहरा घेऊन बदल होणं आणि नामावलीने गप्प बसणं, हे ओळखीचं नाही.

वाट बघणाऱ्यांनी मालिका वाचवली, असं मी म्हणालो ते आता सांगतो. साठच्या दशकात व्हिडिओटेप महाग होती. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा फारसा दाखवता येत नसे, कलाकारांच्या संघटनांशी तसे करार होते. घरी कॅसेट लावून बघायचे दिवस अजून यायचे होते. तेव्हा जुना भाग ठेवून करायचं काय? टेपा पुसल्या गेल्या, त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम आले, परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही नष्ट केल्या गेल्या. पहिल्या दोन डॉक्टरांचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत.

पण त्यांतल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे! तो ठेवला घरोघरच्या प्रेक्षकांनी. भाग पुन्हा बघायला मिळणार नाही हे जाणून काही मुलं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसत आणि स्पीकरपाशी मायक्रोफोन लावून अख्खा भाग ध्वनिमुद्रित करत. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. गोष्ट आवडली होती आणि पुढचा शनिवार येईपर्यंत ती परत ऐकायची होती, एवढंच. पुढे याच टेपांवरून हरवलेले काही भाग ॲनिमेशन करून पुन्हा उभे राहिले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात फिल्मचे डबे मिळाले आणि नऊ हरवलेले भाग एकदम परत आले. परदेशी दूरचित्रवाणीकडे पाठवलेल्या प्रती तिथे पडून राहिल्या होत्या.

हरवलेल्यांत नाताळचा पहिला भागही आहे. २५ डिसेंबर १९६५ ला शनिवार होता, मालिकेचा वार, म्हणून त्या दिवशीही भाग लागला. शेवटी हार्टनेल कॅमेऱ्याकडे वळला आणि घरी बसलेल्या सगळ्यांना त्याने नाताळच्या शुभेच्छा दिल्या. चित्र गेलं, पण त्या शुभेच्छा आज आपण ऐकू शकतो.

१९८९ च्या डिसेंबरात मालिका थांबली. मधला १९९६ चा एक दूरचित्रपट सोडला तर २००५ पर्यंत पडद्यावर काही आलं नाही. या सोळा वर्षांत चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, १९९९ पासून ध्वनिनाट्यं निघू लागली. रसेल टी. डेव्हिसने १९९६ मध्ये डॉक्टरवर एक कादंबरी लिहिली होती, २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी केली ती त्यानेच. दहावा डॉक्टर डेव्हिड टेनंट लहानपणापासूनचा चाहता, भूमिका मिळण्याआधी त्याने त्या ध्वनिनाट्यांत कामं केली होती. बारावा डॉक्टर पीटर कपाल्डी याचं मालिकेबद्दलचं पत्र १९७४ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकात छापून आलं होतं, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. वाट बघणारी पिढीच पुढे लेखक झाली, नट झाली. एवढं ठळक उदाहरण दुसऱ्या कुठल्या मालिकेत मला दिसत नाही.

आता नाताळचा विशेष भाग म्हणजे काय, ते. मराठी घराला हे एका वाक्यात सांगता येतं: ब्रिटिश टीव्हीत नाताळच्या भागाला जी जागा आहे ती आपल्याकडे दिवाळी अंकाची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणाचा फराळ आणि सणाचं वाचन एकत्र आलं. तिकडे २५ डिसेंबरला दुकानं बंद, बस-रेल्वे बहुतेक बंद, तीन पिढ्या एका खोलीत. त्या संध्याकाळी जे लागेल ते आजीला कळलं पाहिजे, नातवाला आवडलं पाहिजे, आणि वर्षभर मालिका न बघितलेल्या काकाला मध्येच उठून जावंसं वाटता कामा नये. म्हणून विशेष भाग बहुधा स्वतंत्र कथा असते, नेहमीपेक्षा लांब, साधारण तासाभराची. मागचं काही माहीत नसलं तरी चालतं.

पण जुन्या चाहत्यांसाठी त्याच्या पोटात दुसरं काहीतरी दडलेलं असतं. दोन हंगामांमधला पूल तोच असतो. २००५ च्या नाताळात टेनंट पहिल्यांदा पूर्ण भागात दिसला. मॅट स्मिथने निरोप घेतला तो २०१३ च्या नाताळात, कपाल्डीने २०१७ च्या. त्याच भागात जोडी व्हिटेकर आली, डॉक्टरची भूमिका मिळालेली पहिली स्त्री. २००५ ते २०१७ एकही नाताळ सुटला नाही. २००७ चा भाग तर १ कोटी ३३ लाख लोकांनी पाहिला. मग काही वर्षं विशेष भाग १ जानेवारीला सरकला, २०२३ मध्ये पुन्हा नाताळात आला. २०२५ चा नाताळ मात्र कोरडा गेला, म्हणून आत्ताची तहान मोठी आहे.

हा भाग घडवायला मुळात वेळ लागतोच. २००५ चा नाताळचा भाग कार्डिफमध्ये जुलैत चित्रित व्हायला लागला होता. उन्हाळ्यात खोटा बर्फ, उकाड्यात लोकरीचे कोट. चित्रण झालं की संकलन, मग संगणकावर अंतराळयानं आणि राक्षस उभे करायचे, आवाज, संगीत, रंगांची दुरुस्ती. तासाभराच्या भागामागे महिनेच्या महिने जातात. तेव्हा ‘अजून ट्रेलर का नाही?’ म्हणून चिडू नका. घाईने केलेला भाग एकदाच बघितला जातो.

मधल्या काळात चाहते करतात काय? खुणा शोधतात, आणि मालिका त्यांना खुणा देतेही. २००५ च्या हंगामात ‘बॅड वुल्फ’ हे शब्द भागाभागांत पेरले होते, कुठे भिंतीवर, कुठे बोलण्यात, आणि त्यांचा अर्थ शेवटच्या भागात उलगडला. त्याच वेळी टेपा कुणी पळवू नये म्हणून डब्यांवर मालिकेच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून ‘टॉर्चवुड’ असं लिहीत. पुढे त्या नावाची वेगळी मालिकाच निघाली. २०१३ मध्ये हंगामाच्या शेवटी जॉन हर्ट अचानक डॉक्टर म्हणून समोर आला, तो कोण हे नीट कळायला २३ नोव्हेंबर उजाडावा लागला. पन्नाशीचा तो भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला. इतक्या अनुभवानंतर नामावलीतले गाळलेले शब्द चाहते सोडतील कसे? माझा कौल विचाराल तर ते शब्द विसरून राहिलेले नाहीत. डेव्हिस असल्या जागा मोकळ्या ठेवतो त्या भरण्यासाठी.

घरी कुणी म्हणालं की हे सगळं पोरखेळ आहे, तर त्यांच्यासोबत दोन कथा बघा.

एक २०१७ ची, कपाल्डीच्या निरोपाच्या अगदी आधीची. चारशे मैल लांबीचं यान कृष्णविवराजवळ अडकलंय. त्याचं एक टोक विवराला जवळ, दुसरं लांब. जिथे गुरुत्व जास्त तिथे घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइनचं गणित. ते रोज आपल्या खिशातही चालू असतं: आपल्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्त करून घ्यावी लागतात. कथेत हाच फरक अवाढव्य होतो. डॉक्टर वरच्या, विवराजवळच्या टोकाला काही मिनिटं बोलतो, तेवढ्यात खालच्या टोकाला त्याची सोबतीण बिल दहा वर्षं काढते. पडद्यावर तिला तो दिसत असतो, जवळजवळ न हलणारा, आणि ती त्याची वाट बघत असते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत विज्ञानकथा पाठवली, तिचं नाव ‘कृष्णविवर’. म्हणजे हा विषय मराठीला परका नाही.

दुसरी कथा ११ नोव्हेंबर २०१८ ची, विनय पटेल यांनी लिहिलेली. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान हिच्या आजीने तिला एक बंद पडलेलं घड्याळ दिलंय. त्यामागची गोष्ट शोधायला ते १९४७ च्या ऑगस्टात पंजाबात उतरतात. आजी उंब्रीनचं तिथे लग्न ठरलंय, प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी, आणि नेमकी त्याच वेळी फाळणीची रेषा त्यांच्या जमिनीतून जाते. राक्षसासारखे दिसणारे परग्रहवासीही तिथे आहेत. त्यांचं काम काय, ते इथे सांगत नाही, बघताना कळू दे. एवढंच सांगतो की खरं भय त्यांचं नाही, रेषेने पेटलेल्या घरातल्याच माणसाचं आहे. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या त्यानंतर काय-काय झालं, हे आपल्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पंजाबात जे घडलं त्याची तीव्रता निराळीच, दोन्हींची बरोबरी करू नये. तरी नकाशावर कुणीतरी दूर बसून ओढलेली रेघ शेतात, नात्यात, शाळेत कशी उतरते, हे समजायला बेळगावच्या प्रेक्षकाला तळटीप लागत नाही. मला या मालिकेचा सगळ्यात जवळचा भाग हाच वाटतो.

राहिला वेळेचा हिशेब. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. २०२३ चा नाताळचा भाग तिकडे संध्याकाळी ५:५५ ला लागला, म्हणजे इथे रात्री ११:२५. २०२४ चा ५:१० ला, म्हणजे इथे १०:४०. कॅम्पातल्या चर्चची रोषणाई बघून, गोव्याकडच्या शेजाऱ्यांनी दिलेल्या नेवऱ्या आणि दोदोल संपवून घरी यायला तेवढा वेळ लागतोच. घरच्यांना मात्र आधी कळवून ठेवा की त्या रात्री झोपायला उशीर होणार. आणि कुणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर १९६३ पासून बघायच्या भानगडीत पडू नका. २००५ चा हंगाम घ्या, तेरा भागांचा आहे. रोझ टायलर पहिल्याच भागात भेटते. तो हंगाम बघून झाला की मे २०२५ चं ते शेवटचं दृश्य लावा, आणि मग समोरच्या चेहऱ्याबद्दल तुमचा स्वतःचा अंदाज बांधा.